पाच खर्वांचा एक : युद्धकाळातल्या ग्रीक नोटांची कामाची वही

12 जून 2024

बुधवारचा जुना बाजार. पाऊस येऊन-जाऊन, निम्म्या पथाऱ्या प्लास्टिकखाली. एकाकडे परदेशी नोटांचं पाकीट मिळालं, वर पेनाने लिहिलेलं : 'हिटलर टाइम, ग्रीस, 14 नग'. "मोजून घ्या मावशी," म्हणाला. एकतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढलेल्या बाईला हे सांगायला नको. उभ्या उभ्याच मोजल्या. नग चौदा खरे, पण एक नोट दोनदा होती, म्हणजे प्रकार तेरा. साडेअकराशे सांगितले, नऊशेला दिलं. या नोटा स्वस्तच असतात, कारण त्या भरमसाट छापल्या गेल्या. दुर्मिळ म्हणून कोणी गळ्यात मारू बघत असेल तर सरळ पुढे चालू लागायचं.

घरी आल्यावर टेबलावर रकमेच्या चढत्या क्रमाने मांडल्या. हाताला तीच सवय. पहिली 50 द्राख्मांची (द्राख्मा हे ग्रीसचं जुनं चलन), शेवटचीवर एकावर अकरा शून्यं.

काम ठरवलं ते असं : जर्मन अथेन्समध्ये शिरले तेव्हापासून जुनी द्राख्मा रद्द होईपर्यंत, म्हणजे 1941 ते 1944, या काळातल्या नोटा जमतील तेवढ्या जमवायच्या. प्रत्येकीखाली मराठीत चिठ्ठी. नोव्हेंबरात आमच्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात लावायच्या.

13 जून

चिठ्ठ्या लिहायला बसले आणि पहिल्या तासातच अडले. मोठ्या रकमा मराठीत लिहायच्या कशा? लाख, कोटी रोजचेच. अब्जही वर्तमानपत्रात भेटतो. त्यापुढे 'शंभर अब्ज' लिहिणं म्हणजे मापच संपल्यासारखं. मग लहानपणची घोकंपट्टी आठवली : अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. दहा अब्जांचा खर्व, दहा खर्वांचा निखर्व. म्हणजे एकावर अकरा शून्यं हा बरोब्बर एक निखर्व. शाळेत हे शब्द म्हटले, त्यानंतर आयुष्यात एकदाही लागले नव्हते. निवृत्तीनंतर ग्रीसच्या एका कागदासाठी लागले.

(हिंदी 'खरब' आणि मराठी 'खर्व' एक नव्हेत, खरब दहापट मोठा. चिठ्ठीवर आकडाही लिहायचा, नाहीतर कोणी तरी वाद घालणार.)

21 जून

ग्रीक कॅपिटल अक्षरं शिकते आहे. बँकेच्या नावातला पहिला शब्द मी पहिल्या दिवशी 'टी, पी, ए, मग दाराची चौकट' असा वाचला होता. ते इंग्रजी पी दिसणारं अक्षर र आहे आणि दाराची चौकट म्हणजे प. शब्द 'त्रापेझा'. पूर्ण नाव 'त्रापेझा तिस एलादोस', बँक ऑफ ग्रीस. ही बँक 1928 साली सुरू झाली. त्रापेझाचा मूळ अर्थ मेज, सराफाचं मेज. आपली पेढीही बसायच्या जागेवरूनच आली, त्यामुळे हा शब्द मला लगेच आपला वाटला.

दुसरा शब्द त्याहून जवळचा निघाला. द्राख्मा हे मूळ मूठभर या अर्थाचं नाव. तेच नाणं आपल्याकडे येऊन 'द्रम्म' झालं. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म भेटतात. त्या द्रम्माचाच पुढे 'दाम' झाला. म्हणजे 'दाम करी काम' म्हणताना आपण द्राख्माच म्हणत असतो.

दहा लाखाला ग्रीकमध्ये 'एकातोमीरिओ' म्हणतात, अक्षरशः 'शंभर दहा-हजार'. दहा हजाराला त्यांच्याकडे जुना स्वतंत्र शब्द, तसा आपल्याकडेही होता, अयुत. हजार-हजाराच्या उड्या सगळ्या जगाच्या नाहीत, हे बघून उगाच बरं वाटलं.

29 जून

धाकटा भाऊ नाशिकरोडहून आला. तो नोटप्रेसमधून निवृत्त. नोट हातात दिली की आधी डोळे मिटून अंगठा फिरवतो. मग भिंग. 1944 च्या उत्तरार्धातल्या नोटांवर अंगठा फिरवून म्हणाला, "अक्का, हे सगळं सपाट आहे. उठाव कुठेच नाही. चांगल्या नोटेला कोरीव प्लेट लागते, प्लेटला महिने लागतात. इथे त्यांना आठवडेसुद्धा नव्हते."

मग त्याने माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट दाखवली. पन्नास लाखांच्या आणि एक कोटीच्या नोटेवर मुखवटा एकच, सिराक्यूजच्या जुन्या नाण्यावरची अप्सरा अरेथुसा. रक्कम दुप्पट, बाई तीच. पुढे एक खर्वाच्या नोटेवरही ती परत येते. निखर्वाच्या नोटेवर अप्सरा दिदामिया आहे. तीही आधी 1943 च्या पंचवीस हजारांच्या नोटेवर येऊन गेली होती. नवं चित्र काढायला वेळ नसला की जुनंच बाहेर काढायचं.

अरेथुसाचं ते मूळ नाणं दहा द्राख्मांचं, चांदीचं, सुमारे 43 ग्रॅम. एक लाखाच्या नोटेवर अथेन्सचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं आहे. चार द्राख्मांचं चित्र आणि रक्कम एक लाख! छापणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं नाही. भाऊ म्हणतो, छापणारा चित्राकडे बघत नाही, रजिस्टरकडे बघतो.

11 जुलै

हवेतली ओल सांभाळणं चालू. जुना मऊ प्लास्टिकचा अल्बम, ज्याला नवा असताना वास येतो, तो काढून टाकला. त्या प्लास्टिकमधून पुढे चिकट काहीतरी सुटतं आणि शाई त्याला लागते. आता पॉलिएस्टरची पाकिटं, सिलिका जेल आणि स्टीलचा डबा. दोन नोटांवर तपकिरी ठिपके होते ते होते तेवढेच आहेत. इस्त्री करणार नाही, धुणार नाही. घडी ही नोटेची आहे, माझी नाही.

24 जुलै

अगदी लहान नोटा मिळाल्या : 50 लेप्ता, 1, 2 आणि 5 द्राख्मा. बसच्या तिकिटापेक्षा थोड्याच मोठ्या. शंभर लेप्तांची एक द्राख्मा. चौघींवर तारीख 18 जून 1941. या बँकेच्या नाहीत, अर्थमंत्रालयाच्या. पन्नास लेप्तांवर सामोथ्रेसची पंखवाली विजयदेवता, एक द्राख्मावर ॲरिस्टॉटल.

तारीख बघा. इटलीने 28 ऑक्टोबर 1940 ला हल्ला केला आणि ग्रीक सैन्याने त्यांना अल्बेनियात मागे रेटलं. मग 6 एप्रिल 1941 ला जर्मन उतरले आणि 27 एप्रिलला अथेन्समध्ये होते. त्यानंतर सात आठवड्यांनी या कागदी चिल्लरीची तारीख. आपल्याकडे त्याच युद्धात एक रुपयाची कागदी नोट आली आणि 1943 पासून भोकाचा पैसा. आईच्या डब्यात असे दोन होते, आम्ही ते वॉशर म्हणून खेळण्याला लावले. धातू युद्धाला गेला की चिल्लरीचे हाल सगळीकडेच.

पण पुढचं सारखं नाही. 1941 चा हिवाळा ग्रीसमध्ये उपासमारीचा. देश तिघांत वाटलेला, जर्मन, इटालियन आणि बल्गेरियन. बल्गेरियाकडे गेलेला उत्तरेचा भाग धान्याचा. सैन्याने साठे उचललेले, समुद्रावर ब्रिटिशांची नाकेबंदी. तुर्कस्तानचं 'कुर्तुलुश' जहाज ऑक्टोबर 1941 पासून धान्य घेऊन येत होतं, ते जानेवारी 1942 मध्ये मार्मारा समुद्रात बुडालं. रेडक्रॉसच्या व्यवस्थेखाली स्वीडिश जहाजांतून कॅनडाचा गहू नियमित यायला 1942 चा उन्हाळा सरला. त्या वर्षांत भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी सुमारे तीन लाख माणसं गेली असा अंदाज नेहमी दिला जातो.

बंगालचा 1943 चा दुष्काळ माझ्या आजोबांच्या पिढीला माहीत होता. ग्रीसचं मला या पाकिटाआधी ठाऊक नव्हतं. ॲरिस्टॉटलच्या चिठ्ठीवर काय लिहू? सध्या फक्त तारीख लिहिली.

5 ऑगस्ट

फसले. इटालियनांनी आयोनियन बेटांसाठी वेगळ्या द्राख्मा काढल्या होत्या. कॉर्फू, केफालोनिया वगैरे बेटं इटलीलाच जोडायचा बेत होता म्हणून. मुख्य भूमीसाठी त्यांच्या 'कासा मेदितेरानेआ'च्या नोटा होत्या त्या निराळ्या. बेटांची एक नोट ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतली. फोटो उत्तम, नोट त्याहून उत्तम, तिथेच शंका यायला हवी होती. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च धरला तर कागद धुतलेल्या शर्टासारखा निळा उजळला. कागदात पांढरेपणासाठी घातलं जाणारं ते रसायन युद्धानंतरचं. 1942 चा कागद मंद, मळकट दिसायला हवा. कॉपीच ती. अर्धे पैसे परत आले, तेही तीन निरोपांनंतर.

काउंटरवर खोटी नोट मी बोटांनी पकडत असे. पडद्यावर बोटं उपयोगाची नाहीत.

19 ऑगस्ट

रक्षाबंधन. राखीबरोबर भावाने पाचशेची करकरीत नोट दिली. म्हणाला, निदान हिच्यावर उठाव आहे.

14 सप्टेंबर

गणपती अजून घरात आहेत, तरी आज रात्री बसलेच, कारण पन्नास लाखांच्या नोटेमागे पेन्सिल दिसली.

ही पाकिटात दोनदा आलेली नोट. एक स्वच्छ, दुसरी मळकी, चार घड्यांची. मळकीच्या मागे कोपऱ्यात फिकट रेघा होत्या त्या मी डाग समजले होते. दिवा आडवा धरला तर बेरीज निघाली. तीन ओळी, खाली रेघ, रेघेखाली 27. वरचे आकडे 8, 15, 4. पहिल्या ओळीतला शब्द 'प्सोमी', म्हणजे पाव. दुसरा 'लादी', म्हणजे तेल. तिसरा लागत नाही, मधली दोन अक्षरं घडीत गेली. आणि 15 मधल्या एकाच्या डोक्यावर बारीक 1. हातचा.

तो हातचा बघून मी बराच वेळ गप्प बसले. ज्याने किंवा जिने हे लिहिलं, त्या माणसाने बेरीज शाळेत माझ्यासारखीच शिकली होती. एकं मांडायचं, हातचा डोक्यावर.

आता प्रश्न शून्यांचा. नोटेवर तारीख 20 जुलै 1944, म्हणजे बेरीज त्यानंतरची. तेव्हा 8 द्राख्मांत पाव मिळणं शक्यच नव्हतं. दोन शक्यता. एक, लिहिणाऱ्याने शून्यं टाकूनच दिली. लाख म्हणा, कोटी म्हणा, सगळ्यांना तोंडपाठ असल्यावर कोण लिहीत बसतं. 'दूध साठ, भाजी चाळीस' लिहिताना आपणही रुपये लिहीत नाही. दुसरी, ही बेरीज नोव्हेंबरनंतरची आहे, नव्या द्राख्मांतली, आणि नोट तोवर पाठकोरा कागद झाली होती. पन्नास लाखांचा पाठकोरा.

भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर : "मऊ रबराने पुसून टाक, किंमत वाढेल." त्याचं बरोबर आहे. मीच नोकरीभर 'नोटेवर लिहू नका' अशी पाटी काउंटरवर लावून बसले होते. क्लीन नोट पॉलिसी आली तेव्हा स्टेपलच्या पिना उपटून नखं तुटली, आणि नोटेवर हिशेब लिहिणाऱ्या भाजीवाल्यांना मी तोंडावर बोलले आहे.

पुसणार नाही.

2 ऑक्टोबर

सुट्टीचा उपयोग करून मांडणी मोडली. आजवर सगळ्या नोटा रकमेच्या क्रमाने लावल्या होत्या. विक्रेतेही तशाच लावतात, कॅटलॉगही जवळपास तसाच चालतो. आज त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेप्रमाणे, तारखांनी लावल्या. क्रम बहुतेक तोच राहिला. पण रकमांमधली अंतरं तारखांमध्ये बदलली आणि वेगळंच दिसायला लागलं.

20 जून 1942 : पाच हजार. 29 डिसेंबर 1942 : दहा हजार. 12 ऑगस्ट 1943 : पंचवीस हजार. इथवर ओळ चालत जाते, रिकाम्या जागा महिन्यामहिन्यांच्या. मधेच 1 फेब्रुवारी 1943 ची पन्नास द्राख्मांची नोट आहे, तिच्यावर पारामिथिया गावची बाई. मला ती सगळ्यांत देखणी वाटते. उत्तर ग्रीसमधल्या सालोनिका शहराच्या ज्यू लोकांना घेऊन आउश्वित्झला जाणाऱ्या गाड्या त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाल्या. त्याआधी, 1942 च्या शरदात, सक्तीच्या मजुरीतून पुरुष सोडवण्यासाठी त्या समाजाकडून अब्जावधी द्राख्मा उकळल्या गेल्या. त्या याच कागदांत मोजल्या असतील. यापुढे मला ती नोट नुसती देखणी म्हणता येणार नाही.

मग 1944. पहिली नोट 14 जानेवारीची, म्हणजे आपल्या संक्रांतीची, पन्नास हजार. आठवड्याने एक लाख. मार्चमध्ये पाच लाख, वर झ्यूस. 29 जूनला दहा लाख, अँटिकिथेराच्या समुद्रात सापडलेल्या तरुणाच्या पुतळ्याचा चेहरा. 20 जुलैला पन्नास लाख, नऊ दिवसांनी एक कोटी, 10 ऑगस्टला अडीच कोटी, 9 सप्टेंबरला वीस कोटी, 1 ऑक्टोबरला पन्नास कोटी. ओळ धावायला लागते. 11 ऑक्टोबरला दोन अब्ज.

12 ऑक्टोबर 1944 ला जर्मन अथेन्स सोडून गेले.

आणि ओळ थांबत नाही. 20 ऑक्टोबर : एक खर्व. 3 नोव्हेंबर : एक निखर्व. पाकिटावर 'हिटलर टाइम' लिहिलेल्या सगळ्यात मोठ्या दोन नोटा हिटलर टाइमच्या नाहीतच. त्या स्वातंत्र्यानंतरच्या. पंतप्रधान पापांद्रेऊंचं परदेशात गेलेलं ग्रीक सरकार 18 तारखेला परत आलं, त्यानंतरच्या.

3 ऑक्टोबर

कालचं उघडंच राहिलं म्हणून आज सकाळी पुढे. माझ्या चिठ्ठीवर हे नीट आलं पाहिजे, नाहीतर बघणारा म्हणेल, जर्मन गेल्यावर ग्रीकांनीच वाट लावली.

गाडी कोणी ढकलली ते आधी लिहायचं. सैन्य पोसायचा खर्च व्यापलेल्या देशानेच द्यायचा, असा दंडक. कर जमेनात, कारण माल नाही आणि असेल तो लपवलेला. मग उरला छापखाना. 14 मार्च 1942 च्या रोमच्या करारानुसार ठरलेल्या हप्त्यावरची रक्कमही ग्रीसने बिनव्याजी 'कर्ज' म्हणून द्यायची झाली. शेवटी ते कर्ज 47.6 कोटी राइशमार्क (जर्मनांचं तेव्हाचं चलन) धरलं गेलं आणि ग्रीस आजही त्याचं नाव काढतो. लोकांनी द्राख्मा हातात ठेवणंच सोडलं. घर, दागिना, तेलाचा मोठा डबा, सगळ्याचे भाव सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यात. गंमत म्हणजे सॉव्हरिन दोन्ही बाजू आणत होत्या. डोंगरातल्या लढवय्यांसाठी ब्रिटिश, आणि भाव दाबून ठेवायला जर्मनांचा आर्थिक दूत नॉयबाखर अथेन्सच्या बाजारात सोनं विकायचा, तेही.

ऑक्टोबरात सैन्य गेलं. पण रिकामी तिजोरी, उखडलेले रूळ, बंद बंदरं आणि पगाराची वाट बघणारे लोक तिथेच राहिले. करवसुली एका रात्रीत सुरू होत नाही. त्यात अथेन्सहून नोटा पोचेनात म्हणून कालामाता, पात्रास, कॉर्फू अशा ठिकाणच्या शाखांनी आपापल्या नोटा काढल्या. भाव सुमारे चार दिवसांत दुप्पट होत होते, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. चार दिवस! आमच्याकडे चेक वटायला एके काळी त्याहून जास्त लागत.

डोंगरातल्या प्रतिकार-सरकारने 1944 मध्ये काढलेल्या रोख्यांवर रक्कम द्राख्मांत नव्हती, गव्हाच्या 'ओकां'त होती. ओका म्हणजे साधारण सव्वा किलोचं जुनं माप. आपल्या पायलीसारखंच म्हणा. हा रोखा मला परवडणार नाही, पण सगळ्यांत शहाणा कागद तोच.

17 ऑक्टोबर

टपालाने दोन गोष्टी आल्या. एक, 9 नोव्हेंबर 1944 तारखेची नवी पन्नास द्राख्मांची नोट. पुढे परत सामोथ्रेसची विजयदेवता, मागे राखेतून उठणारा फिनिक्स. दुसरी, ब्रिटिश मिलिटरी ऑथॉरिटीची, म्हणजे ब्रिटिश लष्करी प्रशासनाची, एक शिलिंगची नोट, मुकुटावर सिंह. ही ग्रीसमध्ये चालली, पण उत्तर आफ्रिकेतही चालली. त्यामुळे हीच नोट अथेन्समध्ये फिरली असं म्हणता येत नाही. चौथी इंडियन डिव्हिजन 1944 च्या अखेरीस इटलीहून ग्रीसला गेली होती, एवढं चिठ्ठीवर लिहीन. आपल्या मराठा पलटणींचं नाव जोडायचा मोह आवरला. त्या इटलीत लढत होत्या.

आता हिशेब, माझ्या आवडीचा. 11 नोव्हेंबर 1944 पासून 50 अब्ज जुन्या द्राख्मांची एक नवी. आपल्या शब्दांत पाच खर्वांचा एक. 600 नव्या द्राख्मांचा एक मिलिटरी पौंड, म्हणजे तीन शंकू जुन्या द्राख्मा. शंकू! वीस शिलिंगांचा पौंड, तेव्हा ही शिलिंग म्हणजे दीड महापद्म. निखर्वाची नोट झाली दोन द्राख्मा. आणि माझी पेन्सिलवाली पन्नास लाखांची? एक नवी द्राख्मा घ्यायला तशा दहा हजार लागतील. शंभर गड्ड्या, म्हणजे हजारी बंडलं दहा. माझ्या काउंटरवर एवढं आलं असतं तर शिपायाला हाक मारून तिजोरीतून हातगाडी काढली असती. हे सगळं एका द्राख्मासाठी.

2016 चा नोव्हेंबर आठवला, रांगा आणि सुजलेली बोटं. पण तेव्हा आमच्याकडे आलेल्या पाचशेला पाचशेच मिळत होते. ही तुलना इथेच सोडते.

3 नोव्हेंबर

भाऊबीज. आणि निखर्वाच्या नोटेच्या तारखेला आज बरोबर ऐंशी वर्षं. हा योग मी महिन्याभरापूर्वी हेरून ठेवला होता, पण बोलले नव्हते. भावाला ठाऊक होतं. ओवाळलं आणि ताटात त्याने पॉलिएस्टरच्या पाकिटात घातलेली निखर्वाची नोट ठेवली, माझ्याकडची नव्हे, दुसरी. हिच्यावर मालिकेचं अक्षर क्रमांकाच्या मागे आहे, माझ्या नोटेवर पुढे. दोन्ही प्रकार असतात. त्याने शोधून आणली होती.

"अक्का, एवढी ओवाळणी तुला कुणी घालणार नाही," म्हणाला.

"दोन द्राख्मा," मी म्हटलं. "तेसुद्धा आठ दिवस थांबले तर."

मग त्याने पाचशे काढलेच.

9 नोव्हेंबर

वाचनालयात मांडणी. कपाटात चार फळ्या. रकमेने नाही, तारखेने लावायचं म्हटल्यावर ग्रंथपालबाईंनी विचारलं, मग सगळ्यात मोठी मधोमध नको का? नको. ती शेवटून तिसरी, ऑक्टोबरच्या खर्वानंतर. मग फिनिक्सवाली, मग शिलिंग. 11 आणि 20 ऑक्टोबरच्या नोटांमधे दोन बोटं जागा सोडून पांढरी पट्टी लावली, वर फक्त तारीख : 12 ऑक्टोबर.

लहान चौघी पहिल्या फळीवर डावीकडे. ॲरिस्टॉटलच्या चिठ्ठीत शेवटी कुर्तुलुश जहाजाची ओळ घातली.

11 नोव्हेंबर

सकाळी एक शाळकरी मुलगा काचेला नाक लावून शून्यं मोजत होता. नववर अडला, पुन्हा सुरुवात. सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला अकरा आले आणि माझ्याकडे बघून "आजी, ह्याला काय म्हणतात?" म्हणाला. निखर्व. त्याला शब्द खोटा वाटला, घरी विचारतो म्हणाला.

पेन्सिलवाल्या नोटेचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं, पुढची बाजू दाखवायची की मागची. स्वच्छ जुळी नोट शेजारी आहे, अरेथुसा तिच्यावर दिसतेच. म्हणून मळकी उलटी ठेवली, बेरीज वर, हातचा दिसेल असा. चिठ्ठीवर लिहिलं : 'पाव 8, तेल 15, तिसरी वस्तू 4. एकूण 27.' एकक लिहिलं नाही. किल्ली ग्रंथपालबाईंकडे दिली.